सायकलवर हेल्मेट घाला म्हणतो, पण पोरींच्या नावानं पावती फाडू नका

सर, प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. तुमच्या शाळेत आजूबाजूच्या चार-पाच गावांतून साठ-सत्तर पोरंपोरी सायकलनं येतात, मागच्या महिन्यात आठवीतली एक पोरगी उतारावर पडली, डोक्याला टाके पडले, अन आता शाळा व्यवस्थापन समितीसमोर ठराव येऊन राहिला की हेल्मेट नसेल तर सायकल गेटच्या आत घ्यायची नाही. काही पालकांचं म्हणणं त्याच्याही पुढचं, की सरकारनंच कायदा करावा, मोटरसायकलसारखा दंड ठेवावा. तुम्ही मला विचारलं की इतकी वर्षं सायकलच्या धंद्यात आहात, तुमचं मत काय.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला एसटी स्टँडजवळ २८ वर्षांपासून सायकलचं दुकान चालवतो, विक्री अन रिपेअरिंग दोन्ही, अन नऊ-दहा वर्षांपासून बीआरएमच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईड करतो, २०० अन ३०० किलोमीटरच्या. त्या राईडमध्ये हेल्मेट नसेल तर स्टार्टच देत नाहीत, अन ते बरोबरच आहे. मी दुकानात हेल्मेट विकतो, कायदा झाला तर माझा धंदा वाढेल हे उघड आहे. तरी माझं उत्तर असं आहे: हेल्मेट घालावं, पोरांनी तर घालावंच, पण सायकलवाल्यावर दंडाचा कायदा आपल्या भागात आणू नये, अन तुमचा गेटचा ठराव तर अजिबात पास करू नये. काहून, ते नीट सांगतो, थोडं लांबेल.

पहिले हेल्मेट काय करते ते. सायकलच्या हेल्मेटात वरून पातळ प्लास्टिकचं कवच असते अन आत थर्माकोलसारखा ईपीएसचा जाड थर. डोकं आपटलं की हा थर दबतो, चुरतो, अन जो झटका एका क्षणात कवटीला बसला असता तो जरा लांबतो, तेवढ्यानं मेंदू वाचतो. थर एकदाच दबतो, परत फुगत नाही, म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी फेकून द्यायचं असते. माझं एक हेल्मेट दुकानात खिळ्याला टांगून ठेवलेलं आहे, पहाटेच्या वेळी वळणावर बारीक गिट्टी पडलेली होती, पुढचं चाक सरकलं अन मी उजव्या बाजूनं गेलो, खांदा सोलला, अन हेल्मेटाला कानशिलाच्या वर आरपार तडा. माझ्या डोक्याला टेंगूळसुद्धा नाही. गिऱ्हाईक विचारते ‘हे फुटकं काहून ठेवलं’, तर मी त्याच्या हातात देतो अन तड्यावरून बोट फिरवायला सांगतो, जास्त बोलायची गरज पडत नाही.

आकडेही आहेत. २०१६ मध्ये ४० अभ्यास एकत्र करून, ६४ हजारांच्या वर जखमी सायकलवाल्यांची माहिती तपासून एक मोठा अहवाल आला, त्यात हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याच्या गंभीर दुखापतीची शक्यता ६९ टक्क्यांनी कमी निघाली. म्हणून जे म्हणतात की हेल्मेटानं काही होत नाही, त्यांच्याशी मी सहमत नाही.

पण कशापासून वाचवते हेही पाहा. युरोपच्या ईएन १०७८ या स्टँडर्डमध्ये हेल्मेट सपाट लोखंडावर आदळवतात तेव्हा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटर असतो, म्हणजे साधारण दीड मीटर उंचीवरून डोकं खाली पडल्यासारखं. अमेरिकेचं सीपीएससी स्टँडर्ड जरा कडक, ते २ मीटर. म्हणजे ही वस्तू पडण्यासाठी बनवली आहे, पोरगी उतारावर घसरली, कुत्रं आडवं आलं, मैलाच्या दगडाला डोकं लागलं, तिथे ती उपयोगाची. साठच्या स्पीडनं मागून येणाऱ्या पिकअपसाठी ती बनवलेलीच नाही.

अन आपल्याकडे सायकलवाला मरतो तो कसा मरतो? माझ्या २८ वर्षांत माझ्या ओळखीचे, माझ्याकडून सायकल घेतलेले पाच जण रस्त्यावर गेले. पाचही मोठी माणसं, पाचही अंधार पडता पडता किंवा पहाटे, चौघांना मागून धडक. त्यातला एक जिनिंगमध्ये रात्रपाळीचा चौकीदार होता. दिवाळीनंतरचे दिवस, कापसाच्या गाड्या रांगेनं लागलेल्या, ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, रेडियम नाही, कापूस दोन्ही बाजूंनी इतका बाहेर आलेला की साईडपट्टीवर चालणाऱ्यालाही घासून जाते. त्याला ट्रॉलीच्या कोपऱ्यानं ओढलं अन मागचं चाक छातीवरून गेलं. त्याच्या बायकोनं ती सायकल माझ्याकडे आणली, म्हणे, ‘भाऊ, इले दुरुस्त करून द्या, पोराले कामी येईन.’ मागच्या मडगार्डला रिफ्लेक्टर नव्हता, कधी पडला कोणाला माहीत, अन ही माझी खंत आहे की ती सायकल त्याच्या दोन महिने आधीच पंक्चरला माझ्याकडे येऊन गेली होती अन मी पंधरा रुपयांचा लाल तुकडा लावून दिला नाही. तेव्हापासून माझ्या दुकानातून रिपेअरची कुठलीही सायकल मागे लाल अन चाकात पिवळा रिफ्लेक्टर लागल्याशिवाय जात नाही, पैसे दिले तर ठीक नाही दिले तरी ठीक. त्या माणसाच्या डोक्यावर जगातलं सगळ्यात महाग हेल्मेट असतं तरी तो वाचला नसता, अन कायदा असता तर जिवंतपणी मात्र त्याच्या नावानं पावती फाटली असती.

आता कायदा आज काय म्हणते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२९, हेल्मेटची सक्ती मोटरसायकल-स्कूटरवाल्यांना. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, अन नाही घातलं तर कलम १९४ डी खाली हजार रुपये दंड अन तीन महिने लायसन्स बंद. पायडल मारायची सायकल यात येतच नाही कारण तिला इंजिन नाही, अन सायकलवाल्याकडे लायसन्सच नसते तर बंद काय करणार. हां, त्याच दुरुस्तीत कलम १३८ मध्ये एक पोटकलम घातलं, की राज्य सरकार बिनइंजिनाच्या वाहनांसाठी अन पायी चालणाऱ्यांसाठी नियम करू शकते. म्हणजे ‘सरकारनं मनात आणलं तर करू शकते’ हे पालकांचं म्हणणं चूक नाही.

पण कायदा असणं अन डोक्यावर हेल्मेट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोटरसायकलला इतक्या वर्षांपासून सक्ती आहे, तरी २०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेले ५० हजार २९ लोक दुचाकीवर मेले, केंद्र सरकारचाच आकडा आहे. आपल्या तालुक्यात चौकात पोलीस दिसला की लोक टाकीवरचं हेल्मेट डोक्यावर चढवतात अन पुढच्या वळणावर परत टाकीवर.

सायकलवर तर हा प्रयोग आपण करून बसलेलो आहोत, जुन्या लोकांना विचारा. माझ्या वडिलांच्या काळात नगरपालिकेचा बिल्ला लागत होता सायकलला, रात्री दिवा नसला की पोलीस धरत होता, डबलसीट दिसला की धरत होता. अन धरून काय करायचा? चाकातली हवा सोडायचा. कापड बाजारात काम करणारा माणूस रात्री नऊ वाजता घरी चालला, त्याची हवा सोडली, तो चार किलोमीटर सायकल ढकलत जायचा. मग लोकांनी काय शिकलं? दिवा लावायचं नाही शिकलं. चौक आला की खाली उतरून पायी चालायचं अन चौक गेला की परत बसायचं, हे शिकलं. डायनॅमो शंभरात दहा जणांकडे. वडील सांगायचे की त्यांचा दिवा फक्त पोलिसाला दाखवण्यापुरता होता, त्यात बल्बच नव्हता. हेल्मेटचं हेच होईल, हँडलला टांगलेलं राहील.

अन टांगायला तरी कसलं राहील तेही सांगतो, कारण हा माझा धंदा आहे. मोटरसायकलची सक्ती कडक झाली तेव्हा हायवेच्या कडेला दोनशे रुपयांत हेल्मेटचे ढीग लागले, खोटा आयएसआय छापलेले, आत नुसता स्पंज. सायकलला सक्ती आली की त्याच आठवड्यात दीडशेवाल्या टोप्या येतील. चांगलं सायकलचं हेल्मेट आज माझ्याकडे आठशे-नऊशेपासून पुढे आहे. ज्या घरी आईची निंदणाची रोजी अडीचशे-तीनशे, तिथे हे तीन दिवसांचे पैसे झाले, अन दोन पोरी सायकलवर असतील तर आठवड्याचे. त्या घरात कोणतं हेल्मेट येईल? किंवा बापाचं मोटरसायकलचं घालून पाठवतील, किलोभर वजनाचं, कान बंद, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, अन पोरीच्या डोक्यावर ढिलं, खड्ड्यात चाक गेलं की डोळ्यावर. असं एक पोरगं मी स्वतः पाहिलं, थांबवून काढायला लावलं. ते तसं घालण्यापेक्षा न घातलेलं बरं, हे मी पूर्ण विचार करून बोलतो.

बाहेरच्या देशांत काय झालं तेही थोडं पाहू. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यानं १ जुलै १९९० ला सगळ्या सायकलवाल्यांना सक्ती केली, जगात पहिली. हेल्मेट घालणारे वाढले, डोक्याच्या दुखापती कमी झाल्या, पण मेलबर्नमध्ये रस्त्यावरच्या सायकली मोजल्या तर शाळकरी पोरांच्या सायकलीही लगेच कमी झालेल्या दिसल्या. दुखापती किती हेल्मेटामुळे कमी झाल्या अन किती सायकली कमी झाल्यामुळे, यावर तिथले तज्ज्ञ अजून भांडून राहिले. मेक्सिको सिटीनं भाड्याच्या सायकली सुरू केल्या तेव्हा २०१० मध्ये सक्ती काढून टाकली. अन अमेरिकेत सिएटल ज्या किंग काउंटीत येते तिथे १९९३ पासून कायदा होता, तो त्यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केला, कारण पावत्या पाहिल्या तर जवळपास अर्ध्या बेघर लोकांच्या नावानं निघाल्या, अन काळ्या लोकांना गोऱ्यांच्या कितीतरी पट. कायदा सगळ्यांसाठी होता, धरलं जात होतं गरिबाला. हे वाचलं तेव्हा मला वडिलांच्या चाकातली हवा आठवली. जपाननं मला पटणारा रस्ता काढला, १ एप्रिल २०२३ पासून सगळ्या वयाच्या सायकलवाल्यांनी हेल्मेट घालायचा प्रयत्न करावा असं कायद्यात लिहिलं, पण दंड नाही. अन नेदरलँड्समध्ये तर पोरं, म्हातारे सगळे बिनाहेल्मेटचे फिरतात, कारण त्यांची सायकलची वाटच ट्रकपासून वेगळी केलेली आहे.

काही जण म्हणतात रेसवाले घालतात ना. घालतात, पण त्यांनाही सक्ती २००३ मध्ये झाली, पॅरिस-नीस रेसमध्ये कझाकस्तानचा किविलेव्ह पडला, डोक्याला मार लागून गेला, त्यानंतर. अन ते साठ-सत्तरच्या वेगानं घाट उतरतात, घोळक्यात शंभर जण चाकाला चाक लावून. तुमच्या आठवीच्या पोरीचं तसं नाही.

आता गेटच्या ठरावाचं. सर, आपल्याकडे सायकल कोण चालवते? शेतमजूर, दूधवाला, पेपरवाला, अन शाळेची पोरगी. ज्याच्याकडे दुसरं साधन नाही तो. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे येतात, आधी ३५०० होते, २०२२ मध्ये ५००० केले. या योजनेच्या सायकली मी शेकड्यानं विकल्या आहेत. पोरगी पहिल्यांदा सीटवर बसून पाहते तेव्हाचा तिच्या आईचा चेहरा मी विसरू शकत नाही. माझ्या दुकानात एक बाई बोलली होती, ‘सायकल भेटली म्हणून शिकून राहिली, नाहीतर सातवीतच बसवली असती घरी.’ आता विचार करा, अशा घरी तुम्ही चिठ्ठी पाठवली की सोमवारपासून हेल्मेट नाही तर सायकल आत नाही. नऊशे रुपये जमेपर्यंत पोरगी काय करेल? एसटी त्या गावात सकाळी एकदा अन संध्याकाळी एकदा, तीही आली तर. आठ दिवस घरी राहील, मग कापूस वेचायला जाईल, अन कापूस वेचायला गेलेली पोरगी परत वर्गात आणायला तुम्हाला किती चकरा माराव्या लागतात ते तुम्हालाच माहीत. डोक्याच्या टाक्यांपेक्षा ते नुकसान मला मोठं दिसते.

मग कायदा नकोच का? हवा, पण ज्याच्या खांद्यावर ओझं पेलते त्याच्यावर. मोटरसायकल विकताना कंपनीनं सोबत हेल्मेट द्यायचं हा नियम केंद्राच्या मोटार वाहन नियमांत आहेच. तसंच पोरांच्या मापाची सायकल विकताना हेल्मेट सोबत आलंच पाहिजे, किमतीत धरून, अन योजनेच्या सायकलीत तर सरकारनं त्याचे पैसे वेगळे टाकावे. सायकलच्या रिफ्लेक्टरसाठी केंद्रानं २०२० मध्ये क्वालिटी कंट्रोल ऑर्डर काढली, ती बनवणाऱ्यावर आहे, चालवणाऱ्यावर नाही, हा मार्ग बरोबर आहे. ट्रॉलीच्या मागे रेडियम नसेल तर जिनिंगच्या गेटवरच काटा करायला नकार द्यावा, एका सीझनमध्ये फरक दिसेल. अन साईडपट्टी. अमरावती-अकोला हायवेवर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीजमध्ये नाव गेलं, आपल्याच विदर्भात. ज्या लोकांना हे जमते त्यांना गाव ते शाळा पाच किलोमीटरला दीड मीटरची मुरूम दाबलेली कडेची पट्टी जमत नाही असं मी मानत नाही. आज डांबराची कड अन माती यात वीतभर उतार असतो, ट्रक आला की पोरगी खाली उतरते अन तिथेच पडते.

एका गोष्टीत मी सक्तीच्या बाजूनं आहे, बॅटरीच्या सायकली. २५० वॉटपर्यंतची मोटर अन २५ च्या आत स्पीड असेल तर ती कायद्यानं मोटार वाहन धरत नाही, लायसन्स नाही, हेल्मेट नाही. पण बारा वर्षांचं पोरगं पायडल न मारता पूर्ण वेळ २५ नं जाते, अन बाजारात स्पीडचं लॉक तोडून चाळीसनं पळवणारे आहेत. ती घेणाऱ्या घराला हेल्मेट जड नाही. तिथे ठेवा नियम.

तुमच्या शाळेचं बोलू. सर, ती पडलेल्या पोरीची सायकल दुरुस्तीला माझ्याकडेच आली होती. पुढच्या ब्रेकची केबल तुटून हँडलला गुंडाळून ठेवलेली, कधीची गंजलेली. मागच्या ब्रेकचे रबर घासून घासून लोखंड रिमला लागलेलं. अन दप्तर हँडलला लटकवलेलं, कारण कॅरिअरवर लहान भाऊ बसत होता. उतारावर दप्तर चाकात गेलं. केबल अन दोन जोड्या रबर मिळून दीडशे रुपयांचं काम, घरी कोणाला माहीतच नव्हतं की ब्रेक गेले, पोरगी चप्पल घासून थांबवत होती. तुमच्या साठ-सत्तर सायकली उभ्या करून तपासल्या तर निम्म्यांत पुढचा ब्रेक बंद निघेल, मी लिहून देतो.

तरी हेल्मेट आणायचंच, फक्त पोरींच्या खिशातून नाही. ग्रामपंचायत, माजी विद्यार्थी, गावचे दोन-चार कास्तकार, वर्गणी होते. घेताना डब्यावर ईएन १०७८ किंवा अमेरिकेचा सीपीएससी लिहिलेलं पाहा. वजन अडीचशे-तीनशे ग्रॅम असते, त्याहून फार जड काही देऊन राहिला असेल तर ते सायकलचं नाही. माप डोक्याभोवती, भुवईच्या जरा वरून टेप लावून घ्यायचं, शाळेच्या पोरांत ५२ ते ५७ सेंटीमीटर येते बहुतेक. घातल्यावर पुढची कड भुवईच्या दोन बोटं वर, पट्ट्यांचा व्ही बरोबर कानाखाली, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच ढिलाई. मागे सरकवून, कपाळ उघडं टाकून टोपीसारखं घातलं तर काही कामाचं नाही. पोरींच्या दोन वेण्या खाली सोडलेल्या असतील तर अडचण नाही, वर बांधलेला अंबाडा किंवा उंच पोनी असेल तर हेल्मेट बसत नाही, हे मॅडमनी पोरींना सांगावं. स्कार्फ बांधतात तो पातळ सुती असेल तर आतून चालतो, गाठ मागे मानेवर घ्यायची. उन्हाचं कारण लोक सांगतात, पण आपल्याकडे शाळा उघडते जूनच्या शेवटी अन मार्च-एप्रिल सकाळची असते, अन हेल्मेटाला भोकं असतात. शाळेच्या पोरांसाठी ते कारण मला पटत नाही, मेच्या उन्हात वावरात जाणाऱ्या मजुरासाठी पटते. एकमेकांचं घालू देऊ नका, उवा होतात, प्रत्येकावर नाव टाका अन वर्गात खिळे ठोका, स्टँडवर ठेवलं तर चोरी जाईल. अन सुरुवात सातवी-आठवीच्या पोरांपासून करा, दहावीतली पोरं लाजतात, लहान्यांना पाहून मग घेतात.

ठराव लिहायचाच असेल तर असा लिहा, की महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळेत सायकलींचे ब्रेक अन रिफ्लेक्टर तपासले जातील, अन हेल्मेट शाळा देईल. या शनिवारी सकाळची शाळा असते ना तुमची, मी साडेसातला येतो. केबल, रबर, रिफ्लेक्टर अन टेप घेऊन येतो, सोबत माझा पोरगा राहील. तुम्ही फक्त पोरांना सांगा की दप्तर पाठीवर घेऊन या, अन ती पडलेली पोरगी यायला लागली असेल तर तिची सायकल पहिले पाहू, मागच्या वेळी घाईत पुढचा रिफ्लेक्टर लावायचा राहून गेला होता.